मानाजी राव आणि नऊ फुटांचा खड्डा

मानाजी राव पवार गेल्याची बातमी आमच्या प्लाटूनच्या मोबाइल ग्रुपवर आली, ती त्याच्याच नंबरावरून. सकाळची वेळ होती. बेळ्ळंदूरच्या एका उंच इमारतीत मी देखभालीचं काम बघतो. तळघरात पाण्याच्या पंपाशी उभा होतो, खिशात फोन थरथरला म्हणून काढून बघितला. ‘मानाजी आज सुबह नहीं रहे’ एवढंच हिंदीत लिहिलेलं. त्याच्याखाली लगेच हसरे चेहरे उमटायला लागले... हसून हसून डोळ्यांतून पाणी आलेले ते पिवळे चेहरे, एकाखाली एक. कुणी लिहिलं, आज हा स्वतःच खेळायला उतरला. कुणी लिहिलं, अंत्यविधी रविवारी ठेव बाबा, मधल्या वारी सुट्टी मिळत नाही.

यामागचं कारण सांगितलं नाही तर ही माणसं राक्षस वाटतील, आणि ती तशी नव्हती. मानाजीला मारून टाकणं हा त्या ग्रुपवरचा जुना खेळ होता. तो बरेच दिवस काही बोलला नाही, की कुणीतरी त्याच्या फोटोला हार घालून टाकायचं आणि खाली त्याचं बरॅकमधलं नाव घेऊन लिहायचं, ‘स्वल्प गेला.’ मग सगळे फुलं वाहायचे. संध्याकाळपर्यंत मानाजीचे जोडलेले दोन हात यायचे, म्हणजे तो जिवंत आहे. कित्येक वर्षं हे असंच चाललं होतं. त्यामुळे त्या सकाळी मानाजीच्या नंबरावरून त्याच्या मरणाची बातमी आली, तेव्हा सगळ्यांना वाटलं, अखेर गड्याला विनोद कळला.

थोड्याच वेळात त्याच्या बायकोचा, सुमित्रावहिनींचा मला फोन आला. मेसेज त्यांनी लिहिला होता. मानाजी अंघोळ करून कॉफी प्यायला बसला आणि भिंतीला टेकला, तो टेकलाच. डॉक्टर येऊन गेले होते. हे सगळं त्यांनी मला न रडता सांगितलं. मग विचारलं,

"अण्णा, हे सगळे हसतात का?"

मी म्हणालो, त्यांना अजून खरं वाटलेलं नाही, वहिनी. फोन ठेवून मी ग्रुपवर दोन ओळी लिहिल्या. मग ते चेहरे एकेक करून पुसले जायला लागले. प्रत्येकाच्या जागी ‘हा संदेश काढून टाकला आहे’ अशी ओळ राहिली. त्या ओळी अजूनही तिथं आहेत, ओळीनं, फॉल-इनला उभ्या राहिलेल्या माणसांसारख्या.

आम्ही प्रादेशिक सेनेतले. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो, ही नोकरीधंदा सांभाळणाऱ्यांची फौज. आठवडाभर आपापलं काम करायचं, सुट्टीच्या दिवशी परेडला जायचं, वर्षातून एकदा कॅम्प करायचा, आणि सरकारनं बोलावलं की खरंच वर्दी चढवून निघायचं. आमची तुकडी हेब्बाळच्या पुढं होती. त्यात रिक्षावाले होते, बँकेतले शिपाई होते, दोन वकील होते, एक आचारी होता. मी चिकोडीकडचा, नुकताच या कन्नड शहरात आलेला. कन्नड येत होतं, पण मन मराठीला आसुसलेलं. भरतीच्या दिवशी रांगेत माझ्यापुढं एक बुटका, रुंद खांद्यांचा माणूस उभा होता. त्याच्या फोनवर घरून कुणीतरी बोलत होतं आणि तो म्हणत होता, "सरी, सरी, येतो मी, तुम्ही जेवून घ्या." ‘बरं’च्या जागी आलेल्या त्या कन्नड ‘सरी’वरून मी ओळखलं की हा इथलाच, शेकडो वर्षांमागं येऊन राहिलेल्या मराठ्यांपैकी. मी ओळख करून दिली. त्यानं मला आपादमस्तक बघितलं आणि लगेच अण्णा म्हणायला सुरुवात केली. बरॅकमध्ये आमच्या खाटा शेजारीशेजारी लागल्या.

मानाजी मारतहळ्ळीला गाद्यांच्या दुकानात विक्रेता होता. गिऱ्हाइकाला गादीवर निजवायचं, कूस बदलायला लावायची, पाठ कुठं दबते ते विचारायचं, असं त्याचं काम. हे कळल्यावर बरॅकमध्ये हसायला निमित्त मिळालं. दिवसभर मऊ गाद्यांवर हात फिरवणारा माणूस रात्री लोखंडी खाटेवर निजायला स्वतःहून येतो, याचं त्यांना नवल वाटायचं. मलाही वाटायचं. एकदा लंगरमध्ये ताटं घासताना मी विचारलं, की बाबा रे, तुला कुणी सांगितलं होतं हे? त्यानं ताटावरून नजर न उचलता उत्तर दिलं.

"दुकानात मला ‘ए गादी’ म्हणतात, अण्णा. इथं सकाळी हजेरीला माझं आख्खं नाव घेतात."

ते सुख फार दिवस टिकायचं नव्हतं.

आमच्या शारीरिक चाचणीत नऊ फुटांचा खड्डा असतो. धावत यायचं आणि तो उडी मारून पार करायचा. उंच माणसाला त्यात विशेष काही नाही. मानाजीचे पाय आखूड. तो जिवाच्या आकांतानं धावत यायचा, उडायचा आणि पलीकडच्या कडेवर पोट आपटून आत घसरायचा. आम्हाला शिकवायला नियमित फौजेतले एक हवालदार होते. शिकवणाऱ्याला तिथं उस्ताद म्हणतात. त्यांनी एकदा खड्ड्याच्या काठावर उभं राहून आत पडलेल्या मानाजीला विचारलं, "कितना रह गया?" मानाजीनं दोन बोटांत अंतर धरून दाखवलं आणि घाईघाईत घरचा शब्द तोंडातून गेला, "स्वल्प, उस्ताद." म्हणजे थोडंसंच. सगळी प्लाटून खो खो हसली. उस्ताद कुठल्यातरी उत्तरेकडच्या गावचे, त्यांना कन्नड येत नव्हतं, पण शब्द आवडला. त्या संध्याकाळपासून मानाजीचा ‘स्वल्प’ झाला. आठवडाभरानं हजेरीतही उस्तादांनी पवार म्हणायचं सोडून दिलं. "स्वल्प," असं ते पुकारायचे, आणि मानाजी छाती पुढं काढून म्हणायचा, "हाजिर, उस्ताद."

मी शेजारी उभा असायचो. पहिल्या दिवशी त्याचा आवाज जरा अडखळला होता. नंतर अडखळला नाही.

उस्तादांचा शिकवण्याचा एक नियम होता. एक माणूस चुकला की शिक्षा सगळ्यांना. या शिक्षेला फौजेत रगडा म्हणतात. मानाजी खड्ड्यात पडला की आख्खी प्लाटून मातीत कोलांट्या मारायची, मानाजीनं मात्र काठावर उभं राहून बघायचं. जेवणाची वेळ टळून जायची. लंगरमधून सांबाराचा वास येत असायचा आणि आम्ही तोंडात माती घेऊन गडगडत असायचो. असं काही दिवस चाललं की माणसाचा राग उस्तादाकडं जात नाही, काठावर उभ्या असलेल्या माणसाकडं जातो. उस्तादांना ते ठाऊक होतं. तेच तर त्यांना हवं होतं. त्यांचं म्हणणं असं की लाजेनं पाय लांब होतात.

प्लाटूननं मानाजीशी बोलणं टाकलं. त्याच्या खाटेवर पाणी ओतून ठेवायचे, त्याच्या ताटात मीठ टाकायचे. आणि मग एका रविवारी दुपारी, विश्रांतीच्या वेळी, त्यांनी कंबल परेड केली. माणसाच्या अंगावर घोंगडी टाकून चारी बाजूंनी मारायचं, म्हणजे कुणी मारलं ते त्याला कळत नाही. मी मध्ये पडलो तेव्हा दोघांनी मला दंडाला धरून व्हरांड्यात काढलं आणि आतून कडी घातली. मी दार बडवत राहिलो. आतून मानाजीचा आवाज येत नव्हता, फक्त घोंगडीवर पडणारे ठोके... कुणीतरी धुणं धुवावं तसे. दार उघडलं तेव्हा सगळे आपापल्या खाटांवर झोपेचं सोंग घेऊन पडले होते. मानाजी उठून घोंगडीची घडी घालत होता. त्याच्या डाव्या कानातून रक्त येत होतं.

डॉक्टरांना त्यानं सांगितलं की खड्ड्यात पडलो. त्या कानानं त्याला पुढं आयुष्यभर धड ऐकू आलं नाही. तू तक्रार कर, मी साक्ष देतो, असं मी त्याला पुन्हा पुन्हा सांगितलं. तो उजवा कान माझ्याकडं करून ऐकायचा आणि विषय बदलायचा. शेवटी एकदा म्हणाला की तक्रार केली तर मला घरी पाठवतील, त्यांना नाही. यात खोटं काही नव्हतं.

घरी त्यानं वेगळीच फौज उभी केली होती. त्याचं घर जुन्या पेठेत, खाली भांड्यांचं दुकान आणि वर दोन खोल्या. मी पहिल्यांदा जेवायला गेलो तेव्हा सुमित्रावहिनींनी मला विचारलं की कॅम्पात यांना सगळे साहेब म्हणतात ना? मी मानाजीकडं बघितलं. तो माझ्या पानात भात वाढत होता, अगदी हळू, एकेक शीत मोजल्यासारखा. मी होय म्हणालो. समाजाच्या लग्नाकार्यात तो वर्दी घालून जायचा. तिथली म्हातारी माणसं त्याची पाठ थोपटायची, की घराण्यात अजून एकजण तरी पूर्वजांच्या वाटेनं चाललाय. हे सगळं ऐकताना तो उजवा कान पुढं करायचा. अशा दिवशी त्याच्या चेहऱ्यावर जो उजेड असायचा, तो मी परेडच्या मैदानावर कधी बघितला नाही.

आणि एक दिवस त्यानं खड्डा पार केला. त्याला काही वर्षं लागली. पलीकडं जाऊन तो उभा राहिला आणि मागं वळून बघितलं. टाळ्या वाजल्या नाहीत, कारण तोवर कुणाला त्यात रस उरला नव्हता. त्या दिवशी प्लाटूनला जेवण वेळेवर मिळालं, एवढंच. पुढं सेवेच्या वर्षांमुळे त्याला बाहीवर पहिली फीत मिळाली, तो लान्स नायक झाला. उस्तादही वर चढून सुभेदार झाले होते. त्यांनी नव्या रंगरुटांना खड्डा शिकवण्याचं काम मानाजीकडं दिलं.

इथपर्यंत लिहून थांबलो असतो तर वाचणाऱ्याला मानाजी आवडला असता. पण पुढचं लिहायलाच हवं.

त्या वर्षी सोमण्णा नावाचे एक शाळामास्तर भरती झाले. वजनदार शरीर, मृदू आवाज. मुलांना देशसेवा शिकवतो तर आपणही केली पाहिजे, असं साधं मनात घेऊन आलेले. पहिल्याच दिवशी ते खड्ड्यात पडले. मानाजी काठावर गेला. मला वाटलं, हात देईल. तो कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि विचारलं, "कितना रह गया, मास्तर?"

सगळी प्लाटून हसली, आणि मानाजीही हसला. इतक्या वर्षांत सगळ्यांबरोबर हसायची त्याची ती पहिलीच वेळ असावी. मग त्यानं मास्तरांना नाव ठेवलं, ‘जास्ती’. त्या नावानं हजेरी घ्यायला सुरुवात केली. रगडा प्लाटूनला द्यायचा आणि मास्तरांना काठावर उभं करायचं, हेही तो विसरला नाही. उस्तादांपेक्षा तो कडक होता, कारण कुठं लागतं ते त्याला नेमकं ठाऊक होतं. संध्याकाळी मास्तर एकटे बसून चपाती खायचे आणि मानाजी इतरांच्या घोळक्यात बसायचा. त्याला आता जागा मिळाली होती. मी एकदा त्याला बाजूला घेऊन बोललो. फार बोललो. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"मला कुणी सोडलं होतं का, अण्णा?"

एवढंच म्हणाला आणि निघून गेला. त्यानंतर काही दिवस आम्ही बोललो नाही.

कॅम्पच्या शेवटी चाचणी होती. आदल्या दिवशी सुभेदार मैदानावर आले आणि त्यांनी मानाजीला माझ्यादेखत सांगितलं, की आज संध्याकाळपर्यंत मास्तर पलीकडं गेला पाहिजे, नाहीतर तुझी फीत गेली समज. मास्तरांनी उड्या मारल्या. दुपारनंतर एका उडीत त्यांचा गुडघा वाकडा पडला. ते म्हणाले, पायात काहीतरी झालंय. मानाजीनं सुभेदारांकडं बघितलं. सुभेदार सावलीत खुर्ची टाकून बसले होते, त्यांनी हातानं खूण केली, पुन्हा. मानाजी म्हणाला, पुन्हा. मास्तर लंगडत मागं गेले, धावत आले, उडाले. गुडघा मोडल्याचा आवाज मी जिथं उभा होतो तिथवर आला.

चौकशी झाली. सुभेदारांनी सांगितलं की आपण तिथं नव्हतोच. मी जे बघितलं ते सांगितलं. पण माझ्याखेरीज एकानंही सुभेदारांचं नाव घेतलं नाही. उलट ज्यांनी मानाजीवर घोंगडी टाकली होती, त्यांनी साहेबांपुढं उभं राहून सांगितलं की हा माणूस पहिल्यापासून क्रूर होता, मास्तरांना नावानं हाक मारत नसे. ते बोलताना एकानं तर रुमाल काढून डोळे पुसले. मानाजीला विचारलं, तेव्हा त्यानं फक्त आपण ‘पुन्हा’ म्हणालो असं कबूल केलं. हुकूम कुणाचा, हे त्याला दोनदा विचारलं. प्रश्न त्याच्या डाव्या बाजूनं आला होता. त्याला ऐकू आला की नाही, मला माहीत नाही. तो समोर बघत राहिला.

त्याची फीत काढली आणि सेवा संपवली. इतक्या वर्षांत त्या तुकडीत छळाबद्दल शिक्षा झालेला तो एकटा माणूस. सुभेदार मानानं निवृत्त झाले, त्यांच्यासाठी बडा खाना झाला, अधिकाऱ्यांनी स्वतःच्या हातानं जवानांना वाढलं.

मानाजी दुकानात परतला. घरी त्यानं काय सांगितलं, कोण जाणे. वर्दी इस्त्री करून कपाटात ठेवली आणि गुडघेदुखीमुळे बूट चढवता येत नाहीत असं सांगून लग्नाकार्यातही ती घालणं बंद केलं, एवढं वहिनींकडून कळलं. ग्रुपमधून त्याला कुणी काढलं नाही आणि तोही निघाला नाही. तिथं फोटोला हार घालण्याचा खेळ सुरू झाला, तो त्यानंतर. तू निघ ना तिथून, असं मी त्याला एकदा दुकानात जाऊन म्हणालो. तो एका नव्या गादीवरचं प्लास्टिक सारखं करत होता. म्हणाला, निघालो तर नावाखाली ‘बाहेर पडला’ असं लिहून येतं, अण्णा.

अंत्यविधीला प्लाटूनचे बरेचजण आले. खाली माना घालून आले, नीट कपडे करून आले, आणि वर्गणी काढून एक मोठा फ्लेक्सही करून आणला, इथं गल्लोगल्ली लागतात तसला. मानाजीचा वर्दीतला फोटो, दोन्ही बाजूंना समया, खाली कन्नडमध्ये नाव. ज्यानं दुकानात मजकूर दिला, त्याला मानाजीचं पूर्ण नाव आठवेना. म्हणून त्यानं नुसतं ‘मानाजी’ लिहिलं आणि ओळख पटावी म्हणून पुढं कंसात ‘स्वल्प’. वाईट हेतू नव्हता. सुमित्रावहिनी फ्लेक्ससमोर उभ्या राहून तो शब्द पुन्हा पुन्हा वाचत होत्या. त्यांनी मला विचारलं की हे यांच्या नावापुढं काय लिहिलंय? कन्नड त्यांना माझ्यापेक्षा चांगलं येतं. "यांना कमी म्हणत होते?" असं त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, आणि पदरानं तो शब्द झाकता येतोय का, ते बघितलं. पदर तिथवर पोचला नाही.

निवृत्त सुभेदारांना कुणीतरी फोन करून कळवलं होतं. त्यांचा ग्रुपवर निरोप आला. लडका मेहनती था, भगवान शांती दे, वगैरे. शेवटी विचारलं होतं, उसका असली नाम क्या था?

आणि सोमण्णा मास्तर आले होते. कुबडी नव्हती, पण एक पाय ओढत चालत होते. विद्युतदाहिनीच्या दारापाशी उभे राहिले. शव आत सरकलं, लोखंडी झडप बंद झाली, तेवढं त्यांनी बघितलं. वहिनींना वाटलं, हा कुणी जिवाभावाचा माणूस असणार, एवढ्या त्रासानं आलाय. त्या पुढं गेल्या, हात जोडले, आपण कोण असं विचारलं. मास्तर कन्नडमध्ये म्हणाले, "मी त्यांचा शिष्य." आणि पाय ओढत निघून गेले. ते क्षमा करायला आले होते, की स्वतःच्या डोळ्यांनी खात्री करून घ्यायला... मी आजवर ठरवू शकलेलो नाही.

परवा रविवारी मी जुन्या पेठेत गेलो होतो. वहिनी देवळात गेल्या होत्या. मानाजीची मुलगी अंबिका दहावीला आहे. ती वरच्या जिन्यात वर्तमानपत्र पसरून शाळेच्या बुटांना पॉलिश करत होती. हे काम मानाजी दर रविवारी तिच्याकडून करून घ्यायचा, स्वतः शेजारी बसून. कापसाचा बोळा, पाण्याचा एक थेंब, आणि नखाएवढी गोल गोल घासणी. मनासारखी चकाकी आली नाही तर बूट उचलून जिन्यावरून खाली टाकायचा आणि तिनं तो उचलून आणून पहिल्यापासून सुरुवात करायची. हे तिनंच मला सांगितलं, अगदी सहज, सगळ्यांच्या घरी असंच असतं अशा सुरात. चकाकी आली तर मात्र तो तिच्या डोक्यावर हात ठेवायचा आणि म्हणायचा, "सरी."

मी जिन्याच्या पायरीवर बसलो. बूट आधीच लखलखत होता. वरच्या खिडकीची चौकट त्यात दिसत होती. तरी ती घासत होती. डावा झाला, उजवा झाला, पुन्हा डावा घेतला. बोळ्यानं आता पॉलिश निघायला लागलं होतं, टोकाशी चामडं फिकट दिसत होतं.

मी म्हणालो, "झालं बाळ, पुरे आता. छान झालाय."

तिनं मान वर केली. नम्रपणे, मोठ्या माणसाशी बोलावं तसं म्हणाली, "तुम्ही सांगून नाही होत, काका."

आणि तिनं पाण्याचा आणखी एक थेंब घेतला.